छोट्या गलबतांची कार्यशाळा : आधी काय घ्यावे?

माझा एक भाचा रत्नागिरीकडे खाडीकाठी राहतो. घरची थोडी भातशेती, दहा-बारा कलमे आणि सुतारकामाची उपजत ओढ. यंदा आंब्याचे पैसे हाती आले तसे त्याने मला एक यादी पाठवली. टेबलावर बसणारी छोटी गोल करवत, विजेचे ड्रिल, हातभर लांबीचा लेथ, घासायचे यंत्र आणि चकचकीत डब्यातला पटाशांचा संच. खाली लिहिले होते, "मामा, जहाजांच्या प्रतिकृती करायच्या मनात आहे. एवढं घेतलं की कामाला लागता येईल. तुम्ही या नादात होतात म्हणून विचारतो, यातलं आधी काय घेऊ?"

मी उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेले. शेवटी वाटले, अशी हाताला चैन नसलेली मुले आणि माणसे पुष्कळ घरांत असतात. कोणाला पावसाळ्यात वेळ असतो, कोणाला सुगी संपल्यावर. त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून ते उत्तरच थोडे नीट करून येथे देत आहे.

प्रतिकृती म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवतात ते शंखशिंपल्यांचे जहाज नव्हे. खऱ्या गलबताला जेवढ्या बरगड्या तेवढ्याच हिला, जेवढ्या फळ्या तेवढ्याच फळ्या आणि जिथे दोर तिथेच दोर. सगळे एका प्रमाणात लहान केलेले. इंग्लंड, फ्रान्स, इटली, अमेरिका या देशांत हा नाद फार जुना आहे. माळ्यावर किंवा मोटारीच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला टांगलेली हत्यारे एवढीच ती कार्यशाळा. एका गलबताला दोन-तीन वर्षे सहज लागतात. काहींना दहाही लागली आहेत. तेव्हा हा घाईचा धंदा नव्हे, आणि खरे म्हणजे धंदाही नव्हे. यातून घर चालेल असे मी कोणाला सांगणार नाही.

आता माझीच फजिती सांगतो. मी शाळेवर होतो तेव्हा एका दुकानातून टपालाने बारा पटाशांचा डबा मागवला होता. पाती आरशासारखी चमकत होती. पहिल्याच दिवशी सागाच्या तुकड्यावर दोन पटाशांची धार वळली, कारण पोलाद मऊ होते. मग जिद्दीने एक छोटी विजेची करवत घेतली. तिने फळ्या मात्र भराभर कापल्या. आठ दिवसांत फळ्यांचा ढीग झाला आणि मी त्या ढिगासमोर बसून राहिलो. आमच्या गावचे सुतार आबा एकदा घरी आले. त्यांनी ढीग पाहिला, एक फळी बोटांत फिरवली आणि म्हणाले, "गुरुजी, बैलगाडी करायची तर चाकाचा घेर आधी सांगावा लागतो. तुमच्या जहाजाचा घेर कुठाय?"

माझ्याजवळ एका दिनदर्शिकेवरचे चित्र होते. तेवढेच. करवत पुढे कोनाड्यात गेली ती बरीच वर्षे तिथेच राहिली.

आबांचा प्रश्न किती मोलाचा होता ते मला पुढे मुंबईत बांधलेल्या एका जहाजाची हकीकत वाचताना कळले. 'ट्रिंकोमाली' हे त्या जहाजाचे नाव. इंग्रजांच्या आरमाराने १८१२ साली हे लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीकडून करवून घ्यायचे ठरवले. मुंबईला वाडिया घराण्यातले जमशेटजी बमनजी हे मुख्य बांधणारे होते. लाकूड मलबारचे सागवान, हाताखाली कसबी सुतार, मागे घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. कशाची उणीव नव्हती. पण जहाजाचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजावरून यायला निघाले आणि त्या जहाजाला १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाने गाठले. जावा लढाईत हरले व जाळले गेले. त्याच्याबरोबर आराखडेही गेले. दुसरी प्रत यावी लागली आणि काम लांबले. ट्रिंकोमालीचा कणा १८१६ मध्ये बसवला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. सागवान गोदीत, सुतार गोदीत, आणि कागद समुद्राच्या तळाशी!

ते जहाज आजही आहे, बरे का. इंग्लंडमध्ये हार्टलपूल या बंदरात ते जतन केले आहे. त्याची दुरुस्ती २००१ मध्ये पुरी झाली. मुंबईच्या हातांनी जोडलेले सागवान दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर तरंगते आहे.

गंमत अशी की हा आराखडासुद्धा मुळात इंग्रजांचा नव्हता. १७८२ मध्ये त्यांनी 'हेबे' नावाचे एक फ्रेंच जहाज पकडले होते. ते चाल करायला इतके उत्तम निघाले की त्याची मापे घेऊन त्यावरून इंग्रजांनी आपली जहाजे बांधली. ट्रिंकोमाली त्याच वळणाचे. म्हणजे फ्रान्सचा आकार, इंग्लंडचा कागद आणि मुंबईचे हात. हे जमले ते मापामुळे.

माप नसले की चांगले हातही कसे फसतात याचा दाखला त्याच काळातला आहे. नेपोलियनच्या लढायांत पकडलेले फ्रेंच कैदी इंग्लंडमध्ये नॉर्मन क्रॉस नावाच्या मोठ्या तुरुंगात ठेवले होते. १७९७ ते १८१४ पर्यंत तो तुरुंग चालला. कैद्यांत खलाशी होते, सुतार होते, हस्तिदंताचे काम करणारेही होते. त्यांना जेवणात मटण मिळे. त्यातली हाडे ते उकळून, घासून पांढरी करीत आणि त्यांच्या पातळ पट्ट्यांनी जहाजे घडवीत. हत्यारे म्हणजे हाती लागेल ती सुरी आणि घासून केलेले खिळे. दोरीसाठी केस आणि रेशीम. तुरुंगाच्या दारात भरणाऱ्या बाजारात ती जहाजे विकून चार पैसे मिळत. यातली बरीच आज पीटरबरो येथील संग्रहालयात आहेत. पाहणारा थक्क होतो, इतके ते काम नाजूक आहे. पण जाणकार सांगतात की यातल्या पुष्कळ जहाजांची ठेवण बिनसलेली आहे. कुठे डोलकाठ्या फार उंच, कुठे तोफा प्रमाणाबाहेर मोठ्या, कुठे पोट अरुंद. कैद्यांजवळ आराखडा नव्हता. आठवणीवर जहाज उभे केले की असे होते. आपल्या हाती चिमटे-पटाशा असून आपण कागदाविना काम करू लागलो तर कैद्यांपेक्षाही वाईट होईल.

म्हणून भाच्याला पहिले लिहिले ते हे की, यादीतल्या यंत्रांवर सध्या काट मार आणि त्यातल्या थोड्या पैशांची पुस्तके घे.

पुस्तके कोणती? मी हाताळलेली आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेली तेवढीच सांगतो. पहिले, चार्ल्स डेव्हिस या अमेरिकन गृहस्थाचे १९२६ सालचे 'शिप मॉडेल बिल्डर्स असिस्टंट'. नवशिक्याला एकेक भाग कसा असतो, कसा करायचा, हे ते चित्रांनिशी सांगते. इंग्रजी बेताचे असले तरी चित्रांवरून निम्मे समजते. दुसरे, हॅरॉल्ड अंडरहिल यांचे 'प्लँक ऑन फ्रेम मॉडेल्स'. त्याचा पहिला भाग १९५८ मध्ये निघाला. त्यात 'लिऑन' नावाचे एकच दोन डोलकाठ्यांचे जहाज घेऊन कण्यापासून शिडापर्यंत कसे बांधायचे ते दाखवले आहे. मला हे फार आवडते, कारण लेखक एकच काम हाती धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही.

तिसरे आहे नेपियन लाँगरिज यांचे १९५५ चे 'अनॅटमी ऑफ नेल्सन्स शिप्स'. लाँगरिज पेशाने डॉक्टर. त्यांनी 'व्हिक्टरी' या प्रसिद्ध जहाजाची प्रतिकृती केली आणि करता करता जे कळले ते पुस्तकात लिहिले. डॉक्टरी डोळ्याने जहाजाची चिरफाड केल्यासारखे ते पुस्तक आहे. दोर, कप्पी, खिळा, काहीही सुटलेले नाही. पण जाडजूड आहे. पहिल्याच वर्षी घेऊ नये, छाती दडपते. फ्रेंच लेखक झां बूद्रियो यांचे चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजावरचे चार भागांचे पुस्तक १९७३ ते १९७७ मध्ये निघाले. ते तर नुसते पाहूनही पोट भरते. त्याचे इंग्रजी भाषांतर आहे, मात्र ते विकत घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. माझीही नव्हती. मी ते मुंबईत एका ओळखीच्या घरी दोन दिवस बसून पाहिले.

आपल्याकडच्या वाचकाने आणखी एक पुस्तक जरूर शोधावे. रतनजी आर्देशीर वाडिया यांनी मुंबईची गोदी आणि वाडिया बांधकाम्यांवर लिहिलेले, १९५५ साली छापलेले इंग्रजी पुस्तक. हे प्रतिकृती कशा करायच्या ते शिकवत नाही, पण जहाज बांधणारे लोक कोण होते, कसे काम करीत, हे सांगते. कॉलेजांच्या जुन्या ग्रंथालयांत ते सापडते.

पैसे खर्च न करताही पुष्कळ मिळते. स्वीडनच्या चॅपमन याचा १७६८ चा बासष्ट मोठ्या पानांचा जहाजांच्या आराखड्यांचा संग्रह, डेव्हिड स्टील यांचे १७९४ चे डोलकाठ्या व दोरांवरचे पुस्तक, अशा जुन्या ग्रंथांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. ते इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पान छापून घ्यायचे आणि टेबलावर टाचायचे. फक्त छापताना पान लहान-मोठे होते, तेव्हा आराखड्याखाली दिलेली मोजपट्टी आधी ताडून पाहावी. एकदा मी हे विसरलो आणि माझी एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा पाव इंच आखूड झाली.

आराखडा वाचायचा कसा, हे मात्र कोणीतरी एकदा समजावून सांगावे लागते. त्यात तीन चित्रे असतात. एक बाजूने पाहिल्यासारखे, एक वरून पाहिल्यासारखे आणि तिसरे आडव्या कापांचे. दुधी भोपळ्याच्या चकत्या केल्या आणि त्या सगळ्या एकीवर एक ठेवून त्यांच्या कडा कागदावर गिरवल्या तर जे दिसेल तेच हे तिसरे चित्र. प्रत्येक चकतीची कड म्हणजे एका बरगडीचा आकार. घरातल्या बाईमाणसांना हे चटकन कळते, असा माझा अनुभव आहे. पुरुष उगाच डोके खाजवतात.

मग प्रमाण. इंग्रजी पुस्तकांत बहुधा पाव इंचाला एक फूट असे धरतात. म्हणजे खऱ्याचा अठ्ठेचाळिसावा भाग. ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट. या प्रमाणात तो साडेसदतीस इंच होईल, आणि पुढची काठी धरली तर आणखी लांब. ते ठेवायला घरात जागा हवी. त्याच्या निम्म्या प्रमाणात केले तर एकोणीस इंचांच्या आत बसते, पण मग दोर आणि कप्प्या इतक्या बारीक होतात की चाळिशी ओलांडलेल्याने नाद सोडावा. नवशिक्याने दीडशे फुटी जहाजाच्या वाटेला जाऊच नये. पंचवीस-तीस फुटांची होडी किंवा मचवा घ्यावा. तोफा नाहीत, मजले नाहीत, एक डोलकाठी, एक शीड. तरी सगळे शिकणे त्यात येते.

आता हत्यारांकडे वळू. भाच्याच्या यादीतले एकही हत्यार वाईट नव्हते, फक्त त्यांची वेळ आली नव्हती. सुरुवातीला लागते ते असे. डॉक्टर वापरतात तशा सुरीचा दांडा आणि बदलायची पाती. बारीक दातांची, पाठीला पोलादी पट्टी असलेली लहान करवत. सोनाराकडे असतात तशा छोट्या कानशी, चपटी, गोल, तिकोनी. बोटांत धरून फिरवायचे बारीक ड्रिल आणि अर्ध्या मिलिमीटरपासूनच्या सळया. पोलादी मोजपट्टी, गुण्या, दोन चांगले चिमटे. पॉलिश पेपर सपाट लाकडी पट्ट्यांवर चिकटवून केलेल्या घासण्या. आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, हवे तेवढे. फळी चिकटली की ती दाबून धरायला त्यांच्यासारखे काही नाही. पटाशी एकच घ्यावी, पाव इंची, पण घ्यावी ती सुताराला विचारून आणि तिला धार लावायला त्याच्याकडूनच शिकावे. धार लावता आली नाही तर बारा पटाशा घेऊनही उपयोग नाही, हे मी पैसे मोजून शिकलो आहे.

यापुढची काही हत्यारे आपल्या गावात आधीच आहेत, आपल्याला ठाऊक नसते एवढेच.

लाकडी जहाजाच्या फळ्या बरगड्यांना लाकडी खुंट्यांनी ठोकत. इंग्रज लोक अशी दीड इंच जाडीची खुंटी प्रतिकृतीत करायची तर काय करतात? पाव इंचाच्या प्रमाणात ती पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीची व्हायला हवी. ते बांबूची काडी घेतात आणि भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढतात. एका भोकातून, मग त्याहून बारीक भोकातून, मग आणखी बारीक. सोनार चांदीची तार ओढतो अगदी तशीच पट्टी, तशीच रीत. बांबूचे धागे लांब आणि सरळ असल्याने तो तुटत नाही. अमेरिकेतले लोक ज्यासाठी बांबू विकत आणतात तो आपल्या परसात उभा आहे.

फळीला बाक देण्याचेही तसेच. पुस्तकात सांगतात, पट्टी गरम पाण्यात भिजवा, तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवा, साच्याला बांधून वाळू द्या. बुरूड टोपलीचा काठ कसा वळवतो ते ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे शिकवायला नको. घाई केली की पट्टी तडकते, एवढे ध्यानात ठेवावे. आणि वाळल्याशिवाय चिकटवू नये, ओली फळी वाळताना आखडते व फट पडते.

पण सगळ्यांत मौज दोराची. प्रतिकृतीला दुकानातला दोरा लावला तर तो दोऱ्यासारखाच दिसतो, जहाजाच्या दोरासारखा दिसत नाही. म्हणून हे लोक दोर स्वतः वळतात. त्यासाठी एक छोटे यंत्र करतात. एका टोकाला तीन आकड्या, त्या एकदम फिरतील अशा दातेरी चाकांना लावलेल्या. दुसऱ्या टोकाला एकच आकडी. मधे तीन खाचा असलेला लाकडी शंकू. तीन आकड्यांना तीन धागे अडकवून पीळ देत जायचे. पीळ भरपूर भरला की शंकू हळूहळू मागे सरकवायचा आणि तीनही धागे एकमेकांभोवती उलट्या दिशेने वळत जातात. एक पीळ उकलू पाहतो, दुसरा आवळतो, आणि त्या ओढाताणीत दोर घट्ट राहतो. हे वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून हसलो. आमच्या वडिलांनी अंबाडीचे चऱ्हाट वळताना मला आकडी फिरवायला बसवले होते ते याच रीतीने. आकार लहान आणि अंबाडीऐवजी सुती धागा, एवढाच फरक. ज्या घरात अजून कोणी म्हातारे माणूस दोर वळते तिथल्या मुलाने हे यंत्र विकत घेऊ नये. आजोबांना विचारून करावे. दातेरी चाकेही जुन्या खेळण्यातली चालतात.

दोराच्या बाबतीत एक खाच मात्र आहे आणि भले भले तिच्यात पडतात. जुन्या पुस्तकांत 'सहा इंची दोर' असे लिहिलेले असते. तो सहा इंच जाड नसतो. तो त्याचा घेर असतो! जाडी दोन इंचांहून किंचित कमी. पाव इंचाच्या प्रमाणात तो एक मिलिमीटरचा होतो. हे न कळल्याने मी पहिल्या गलबताला असे दोर लावले की ते बैल बांधायच्या कासऱ्यासारखे दिसत होते. दुसरे म्हणजे डोलकाठीला ताणून धरणारे दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट. शिडे ओढायचे दोर फिके. दोन्ही एका रंगाचे केले की जाणकाराला लगेच कळते.

लाकडाचेही थोडे सांगितले पाहिजे. खरी गलबते सागाची म्हणून प्रतिकृतीही सागाची करावी असे आपल्याला वाटते. करू नये. सागाच्या रेषा ठळक आणि छिद्रे मोठी. इंचभर फळीवर त्या रेषा प्रमाणाबाहेर दिसतात. परदेशात यासाठी नासपतीचे, बॉक्सवुडचे लाकूड वापरतात, कारण ते गुळगुळीत आणि बारीक पोताचे असते. आपल्याकडे हेद आहे. पिवळसर, एकसारख्या पोताचे हे लाकूड कातकामाला आणि गिरण्यांतल्या रिळांना वापरत आले आहेत. पांढऱ्या कामाला काळा कुडा चांगला. नाव काळा, पण लाकूड हस्तिदंतासारखे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी त्याचीच करतात. मात्र रानातले झाड यासाठी तोडू नये. वखारीतले तुकडे, मोडके लाटणे, जुन्या पेरूची छाटलेली फांदी यातून एका होडीचे लाकूड निघते. फांदी सावलीत वर्षभर वाळू द्यावी आणि टोकांना मेण लावावे, म्हणजे ती फाटत नाही.

यंत्रांचे म्हणाल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या होडीला त्यांची गरज लागते. छोटी गोल करवत घेतली की स्वतःच्या मापाच्या फळ्या निघतात. खरी फळी दहा इंच रुंद आणि तीन इंच जाड असेल तर प्रतिकृतीत ती सव्वापाच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरहून किंचित जाड. अशा शंभर फळ्या हाताने एकसारख्या करणे फार कष्टाचे. हातात धरायचे विजेचे छोटे यंत्र अमेरिकेत ड्रेमेल कंपनीने १९३० नंतरच्या वर्षांत काढले, आता तशी अनेक कंपन्यांची मिळतात. काम जलद होते, चूकही तितकीच जलद होते. करवतीजवळ लहान मुलांना येऊ देऊ नये, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके हवेच. बारीक भुसा छातीत जातो. अलीकडे लेसरच्या किरणांनी कापलेल्या बरगड्यांचे तयार संचही येतात, आणि संगणकावरून प्लास्टिकचे भाग छापणारी यंत्रेही. वेळ वाचतो हे खरे. पण संच ज्या जहाजाचा निघाला तेच जहाज तुम्ही करणार. आणि आपल्या खाडीतल्या मचव्याचा संच कोणी काढलेला मी पाहिला नाही.

इथे मला एका फ्रेंच माणसाची आठवण येते. एदमों पारी हे त्यांचे नाव. फ्रान्सच्या आरमारातले अधिकारी. १८२६ ते १८४० च्या दरम्यान तीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि जिथे जिथे जहाज थांबे तिथे उतरून तिथल्या लोकांच्या होड्या मोजल्या. राजांची जहाजे नव्हेत. कोळ्यांची, मालवाहूंची, नदीतली. ते सारे त्यांनी १८४० नंतर मोठ्या ग्रंथात छापले. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची फत्तेमारीही आहे, तिच्या मापांसह. पुढे वाफेच्या यंत्रात सापडून त्यांचा एक हात निकामी झाला, तरी काम सोडले नाही. १८७१ पासून १८९३ मध्ये मरेपर्यंत ते पॅरिसच्या आरमारी संग्रहालयाचे प्रमुख होते आणि आपल्या आराखड्यांवरून त्यांनी तिथे प्रतिकृती करवून घेतल्या. आपले बांधणारे डोळ्याच्या अंदाजाने आणि हाताच्या सवयीने बांधत. कागद करीत नसत. त्यांना कागदाची गरज नव्हती. पण बांधणारा गेला आणि गलबत मोडले की मागे काहीच उरत नाही. फत्तेमारी कशी होती हे आज आपल्याला पॅरिसच्या कागदावरून पाहावे लागते.

हे मी भाच्याला लिहिले तेव्हा त्याचे उत्तर आले. "मामा, आमच्या खाडीच्या तोंडाशी एक जुना मचवा चिखलात पडून आहे. मालक म्हणतो, पावसाळा सरला की मोडतो, त्याच्या सागाची दाराची चौकट होईल."

मी त्याला लगेच फोन केला. यंत्रांची यादी मागे पडली आणि नवी यादी झाली. पन्नास फुटी फीत, पाणसळ, ओळंबा, पक्की सुतळी, खडू, शंभर पानी वही आणि मदतीला एक माणूस. रीत सोपी आहे. मचव्याच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध सुतळी ताणायची, पाणसळीने ती समपातळीत आणायची. तिच्यावर दर दोन फुटांवर खडूने खूण. प्रत्येक खुणेशी ओळंबा सोडायचा आणि त्या ओळंब्याच्या दोरीपासून मचव्याच्या अंगापर्यंत आडवे अंतर मोजायचे, वर, मधे, खाली, अशा पाच-सहा उंचीवर. प्रत्येक माप तिथेच लिहायचे, घरी जाऊन आठवून नव्हे. दोन्ही बाजू मोजायच्या. जुने गलबत पडून राहिले की मधे उचलते आणि टोके खाली बसतात, कधी एका अंगाला कलते. एकाच बाजूच्या मापावर भरवसा ठेवला तर तो वाकडेपणाच आपण आराखड्यात उतरवून बसू. फळ्यांची जाडी, बरगड्यांमधले अंतर, खिळ्यांच्या जागा, डोलकाठीचे भोक, हे निराळ्या पानावर. आणि ज्यांनी तो मचवा चालवला त्या म्हाताऱ्या तांडेलाकडून प्रत्येक भागाचे त्यांच्या तोंडचे नाव विचारून घ्यायचे. ते कुठल्या इंग्रजी पुस्तकात नाही.

मालकाने आधी टाळले. पुरे झाल्यावर चौकटीच्या कामाला दोन दिवस हातभार लावीन असे भाच्याने कबूल केले, तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायला तो तयार झाला.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन होता. उजव्या बाजूच्या नऊ खुणांची मापे झाली आहेत. डावी बाजू चिखलात आहे, त्यामुळे ओहोटी लागल्यावरच उतरता येते, आणि सध्या ओहोटी पहाटे आहे. तांडेल काका कंदील घेऊन काठावर बसतात.